शेवटचा हात

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयात ‘पॉलिश’ हा शब्द बहुधा निंदेसाठी वापरला जातो. वक्तृत्व स्पर्धेत कुणी सफाईदार बोलले, की मागच्या बाकावरून शेरा येतो, “नुसते पॉलिश आहे, आत काही नाही!” हा शेरा ऐकला की मी अस्वस्थ होते. कारण माझे वडील पॉलिशवाले आहेत. गेली वीस-बावीस वर्षे ते लोकांच्या कपाटांना, पलंगांना, देव्हाऱ्यांना लाखेचे पॉलिश करीत आले आहेत. त्यांच्या या ‘वरवरच्या’ कामावर आमचे घर चालले, आणि त्याच कामावर मी महाविद्यालयाची पायरी चढले. आमच्या घरातून ही पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा वरचा थर म्हणजे दिखाऊ थर, हे समीकरण तपासून पाहण्याचा मला थोडासा अधिकार आहे, असे मी समजते.

उदाहरण मात्र घरचे घेत नाही. घेतले तर कुणी म्हणेल, मुलगी बापाची बाजू घेते. उदाहरण दूरचे आहे, ते बांबूच्या, हाताने घडवलेल्या मासेमारीच्या काठीचे.

आपल्याकडे नदीवर गळ टाकणारा माणूस बेटातली एक सरळ काठी तोडतो, टोकाला दोर बांधतो आणि मोडली की टाकून देतो. तिला व्हार्निश लागत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत जी काठी घडू लागली, तिची गोष्ट निराळी. बांबू उभा चिरून कांबी काढावयाच्या, पोलादी साच्याच्या खाचेत ठेवून प्रत्येक कांब रंध्याने त्रिकोणी तासावयाची, आणि अशा सहा कांबी सरसाने जोडून षट्कोनी काठी करावयाची. बुडापासून शेंड्यापर्यंत ती कशी निमुळती होत जावी, याचे माप इंचाच्या हजाराव्या भागात धरतात. पेन्सिल्व्हानियातील ईस्टन गावचा बंदुका करणारा कारागीर सॅम्युएल फिलिप हा या कलेच्या आरंभीच्या मंडळींत गणला जातो. पुढे मेन राज्यातील बँगोरच्या हायरम लिओनर्डने सहा कांबींची काठी नावारूपाला आणली.

आता मुद्द्याकडे येते. बांबूचे बळ सालीलगतच्या दाट तंतूंत असते. कारागीर आतला भुसभुशीत भाग तासून टाकतो आणि बाहेरचे तंतू जिवापाड जपतो. पण त्या तंतूंवरची चकचकीत साल आणि जोडणीतले सरसाचे ओघळ त्याला खरवडून काढावे लागतात. सालीबरोबर बांबूचे निसर्गदत्त संरक्षणही जाते. उघडे तंतू हवेतली ओल पितात. ओल प्यायलेली काठी जड आणि लुळी होते, एकदा वाकली की वाक धरून बसते. जुन्या काळचा हाडा-कातड्याचा सरस तर ओलीने सुटतसुद्धा असे. म्हणजे कारागिराने बांबूची कातडी काढून घेतलेली असते, आणि तिच्या जागी दुसरी घालणे हे त्याचे ऋणच असते. ती दुसरी कातडी म्हणजे व्हार्निश. याला वरवरचे कोण म्हणेल?

ही कातडी कशी असावी? नुसती कठीण असून भागत नाही. काठी हजारो वेळा वाकणार. कठीण थर पहिल्या वाकीलाच तडकेल आणि तडकल्या जागी पाणी शिरेल. म्हणून या कामासाठी जहाजाच्या डोलकाठ्यांसाठी तयार झालेले व्हार्निश पसंत केले गेले. डोलकाठी वाऱ्याने झुकते, उन्हात तापते, पाण्याने भिजते. तिच्यावरच्या थरालाही तिच्याबरोबर झुकावे लागते. त्यासाठी त्यात तेलाचे प्रमाण जास्त ठेवतात, आणि ते तेल पुष्कळदा चीनमधील तुंग झाडाच्या बियांचे असते. थर मात्र पातळच हवा. जाड थराने वजन वाढते आणि काठीची उसळी मंदावते.

मी ही हकीकत वडिलांना सांगितली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “पाण्यातली वस्तू ना? मग लाख चालायची नाही. पांढरी पडेल.” त्यांनी त्या काठीचे चित्रसुद्धा पाहिले नव्हते. पुढे मी वाचले ते असे: लाखेतले स्पिरिट उडून गेले की लाख वाळते, तेलाचे व्हार्निश हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि जपानी कारागीर आपल्या बांबूच्या काठ्यांना उरुशी नावाचा जो झाडाचा चीक लावतात, तो घट्ट होण्यासाठी दमट हवाच लागते. त्यासाठी तिकडे मुद्दाम ओलसर कपाट ठेवतात. ‘वाळणे’ या एका क्रियापदाच्या पोटात तीन निराळ्या क्रिया आहेत! वडिलांना हे रसायन शब्दांत सांगता येणार नाही, पण पावसाळ्यात ते लाखेचे काम सकाळी का धरत नाहीत, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे.

न्यूयॉर्ककडील एव्हरेट गॅरिसन हा पेशाने अभियंता. तो काठीचा तुकडा व्हार्निशने भरलेल्या उभ्या नळीत बुडवी आणि यंत्राच्या साहाय्याने अगदी सावकाश, मिनिटाला काही इंच या गतीने, वर ओढून घेई. ब्रशाचा फराटा नाही, ओघळ नाही. धुळीचा कण बसू नये म्हणून जिवाचा आटापिटा. थर वाळला की हलक्या हाताने घासावयाचा, मग पुढचा. आधीच्या सगळ्या कामाची परीक्षा या शेवटच्या हातात होते. रंध्याने राहिलेला खड्डा व्हार्निश झाकत नाही, उलट चमकवून दाखवते. जे पॉलिश दोष झाकते असे आपण समजतो, तेच दोषाची चुगली करते.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांच्या छंदाचे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे. ती काठी गरिबाच्या पोटासाठी नव्हती आणि आजही नाही. दुसरा आक्षेप असा, की काळाने या कलेचा निकाल लावला. तोही पुष्कळसा खरा. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑर्व्हिस कंपनीच्या वेस जॉर्डनने बांबूतच राळ मुरवून व्हार्निशची गरज संपवली. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तिकडचा उत्तम बांबू येईना. त्याच सुमारास काचतंतूची स्वस्त काठी बाजारात आली. पण मला विचारावयाचे आहे ते निराळेच. धंदा आटला, तरी ती विद्या का आटली नाही?

उत्तर सोपे आहे. कुणीतरी ती लिहून ठेवली. गॅरिसनच्या हाताशी होगी कारमायकेल नावाचा एक तरुण बसला, त्याने त्याचे काम चित्रित केले, टिपून घेतले. गॅरिसन १९७५ मध्ये वारला. १९७७ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघाले आणि त्यावरून पुढच्या पिढीतील कित्येक लोक घरी बसून काठ्या करावयास शिकले. जपानात तर सरकारनेच पाऊल उचलले. टोकियोच्या ‘एदो वाझाओ’ काठ्यांना १९९१ साली आणि वाकायामा प्रांतातील ‘किशू हेराझाओ’ काठ्यांना २०१३ साली पारंपरिक कारागिरी म्हणून मान्यता दिली.

आणि आपण? या कथेत आपलाही एक धागा आहे. चिनी बांबू येण्यापूर्वी अमेरिकेतल्या काठ्या ज्या बांबूच्या होत, त्याला तिकडे ‘कलकत्ता’ म्हणत. शास्त्रीय दृष्ट्या तो आपल्या विदर्भातील जंगलांतही वाढणारा मानवेल. बांबू भारतातून गेला, नाव मिळाले ते बंदराचे. तो तोडणाऱ्याचे, वाहणाऱ्याचे नाव कुणी लिहिले नाही, कारण लिहिणारा आणि तोडणारा यांची गाठच कधी पडली नाही. चिनी बांबूला मात्र १९३१ साली मॅक्क्लुअर या वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘लोभस’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले.

ती गाठ आज आपल्या वर्गांत पडू शकते. आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच पदवीकडे निघालेले आहेत. कुणाची आई पापड लाटते, कुणाचे काका बुरूडकाम करतात, कुणाचे वडील विहिरी बांधतात. त्यांच्या हातातली विद्या आणि आपल्या हातातली लेखणी एकाच घरात, एकाच दिव्याखाली आहेत. हा योग पुढच्या पिढीत राहीलच असे नाही. माझे वडील मला बजावतात, “हा बोळा तू हातात घेऊ नकोस. स्पिरिटच्या वासाने छाती भरते.” मी त्यांचे ऐकणार आहे. त्यांच्या कष्टांचे गोडवे गाऊन ते कष्ट माझ्या भावंडांनी करावेत, असे मला मुळीच वाटत नाही. पण बोळा हातात न घेता त्यातले ज्ञान वहीत घेता येते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ‘लोकविद्या’ हा शब्द आलेला आहे. शब्द आला, आता कृती यावी. म्हणून गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे. द्वितीय वर्षाच्या प्रकल्पासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला घरातल्या किंवा गल्लीतल्या एका हातकामाची रीतसर नोंद करावयास सांगावे: साहित्य, मापे, ऋतू, शब्द, चुका आणि मिळणारी मजुरी. काम करणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, पहिल्या पानावर असावे. आणि या वार्षिकाची चार पाने दरवर्षी त्यासाठी राखून ठेवावीत. खर्च काहीच नाही.

पुढच्या अंकासाठी लाखेच्या पॉलिशवरचा पहिला लेख मी देईन. वडील सांगावयास तयार आहेत; फक्त पावसाळा उलटू दे, म्हणतात.