झाड लावण्याआधी जागा पारखा

मृग तोंडावर आला की शाळेभोवती, देवळापुढे, परसात रोपे लावण्याची घाई होते. सरसकट एकाच जातीची रोपे आणतात. उन्हाळ्यात त्यांतली बरीच वाळतात आणि आयाबायांनी डोक्यावरून वाहिलेले पाणी फुकट जाते. दोष रोपांचा नसतो, जागा न पाहता ती लावल्याचा असतो.

जागा कशी पारखावी? तिथे आपोआप काय उगवले आहे ते पाहावे. तरवड, कुसळी गवत असेल तर जमीन बहुधा मुरमाड, उथळ. लव्हाळा दाटला असेल तर ओल टिकते. पाणकणीस असेल तर पाणी साचते. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त झाडे आणि वारुळे पाहून भूजल ओळखण्याचे ठोकताळे दिले आहेत. अमेरिकेत इयन मॅकहार्ग यांनी १९६९ साली पुस्तक लिहून उतार, माती, पाणी, झाडोरा यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून जागा ठरवण्याची रीत मांडली.

आपल्याला वहीचे एक पान पुरे. पहिल्या पावसात पाणी कुठून वाहते, कुठे थांबते ते त्यावर काढा. एकाच खुणेवर विसंबू नका. हातभर खणून मातीही पाहा. मग मुरमाड चढावर सीताफळ, बोर, कडुनिंब. ओलीच्या कडेला करंज, अर्जुन. पाणी साचते तिथे बाभूळ लावा. पुढच्या उन्हाळ्यात चार हंडे कमी वाहावे लागतील.