पाहणारे गप्प का बसतात?

मे महिन्याच्या सुट्टीत लेक पुण्याहून घरी आली. कोल्हापूरहून घाट उतरून एसटीने आलेली. बॅगेत न धुतलेले कपडे आणि त्यात खुपसलेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. म्हणाली, ‘‘आई, वाच. पण शेवट आधी बघायचा नाही हं!’’

अॅलेक्स मायकेलिडीस यांची ‘द मेडन्स’, २०२१ सालची. केंब्रिज विद्यापीठात एका विद्यार्थिनीचा खून होतो. तिच्या मैत्रिणीची मावशी मानसोपचारतज्ज्ञ, ती धावून येते. ग्रीक शोकांतिका शिकवणारा एक देखणा प्राध्यापक आणि त्याच्याभोवती त्याने निवडलेल्या मुलींचं कोंडाळं. या मुलींना बरंच काही ठाऊक असावं असं वाटत राहतं, पण त्या तोंड उघडत नाहीत. खुनी कोण ते मी सांगणार नाही, लेकीला शब्द दिलाय. पण माझं मन अडकलं ते कादंबरीत वारंवार येणाऱ्या एका ग्रीक कथेत.

डेमीटर ही पिकापाण्याची देवी. तिची लेक पर्सेफनी कुरणात फुलं वेचत असताना पाताळाचा राजा तिला पळवून नेतो. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्याशिवाय रानोमाळ फिरते. देव नाही की माणूस नाही, कुणीच तिला खरं सांगत नाही. दहाव्या दिवशी हेकटी नावाची देवी म्हणते, मी किंकाळी ऐकली होती, पण कोण ते दिसलं नाही. मग दोघी सूर्याकडे जातात. त्याने वरून सगळं पाहिलेलं असतं. आई विचारायला आली तेव्हा कुठे तो बोलतो!

ओटीवर फणसाचे गरे काढत बसलेल्या सासूबाईंना मी हे सांगत होते. त्या म्हणाल्या, ‘‘ग्रीकांचा कित्याक? पुण्यात झाला नाय?’’ त्या वेळी त्या पुण्यात बहिणीकडे होत्या. दिवेलागणीला सगळी दारं बंद व्हायची, कडी वाजली तरी कुणी उघडायचं नाही, असं त्या सांगतात.

जोशी-अभ्यंकर हत्याकांड. नव्या पिढीला नाव ऐकूनच ठाऊक असेल. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. चित्रकला शिकायला आलेली मुलं! जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी प्रकाश हेगडे या आपल्याच कॉलेजातल्या मुलाला मारलं. ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंबातले तिघे गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरातले पाच, त्यात घरकाम करणारी एक बाईही होती. मार्च १९७७ मध्ये अनिल गोखले. एकूण दहा जीव. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली.

पण मला झोप लागू दिली नाही ती एका पाचव्या मुलाने. हेगडेच्या वेळी तो त्यांच्याबरोबर होता. पुढे तो कोर्टात माफीचा साक्षीदार झाला. त्याच नावाचा सिनेमाही १९८६ मध्ये आला. हेगडेचा खून आणि जोशींचा खून यांत नऊ महिने गेले. त्या नऊ महिन्यांत त्याने कुणापाशी तोंड उघडलं असतं तर? भीती असेल, स्वतः अडकायचीही धास्ती असेल. पण त्या गप्प राहण्याची किंमत नऊ जणांनी मोजली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट वाटते तितकी लांबची नाही. बचत गटाच्या कामासोबत मी शाळांमधून मुलींशी बोलायला जाते. एका गावात नववीतली एक मुलगी शाळेत यायचीच बंद झाली. अभ्यास नको म्हणून नाटकं करते, असं समजून आईने तिला बदडलं. खरं कारण, वाटेत रोज एक बाप्या तिला अडवून अंगचटीला येत होता. तिच्या दोन मैत्रिणींना हे दोन महिने ठाऊक होतं. ‘‘का गं बोलला नाहीत?’’ तर म्हणाल्या, ‘‘बाई, तिनं शपथ घातली होती.’’

त्या पोरींना मी काय रागावणार? कॉलेजात आमच्या वर्गातल्या मुलीचा एक मुलगा पाठलाग करायचा, तेव्हा आम्ही त्याच्या नावाने तिलाच चिडवत होतो. तिने शिक्षण सोडलं. तेव्हा कुठे आमचं हसणं थांबलं.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर ती पोलिसांना देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ वर फोन करता येतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात तक्रार समिती असायला हवी. पण कायदा हलायचा तर आधी कुणीतरी बोलायला हवं ना!

शेजारीण मला विचारते, ‘‘चेडवाक इतक्या लांब कित्याक धाडलंस गे?’’ लेकीला घरात कोंडणं हा उपाय नव्हे. पर्सेफनी काही परगावी गेली नव्हती, फुलं वेचायला गेली होती.

सुट्टी संपली. स्टँडवर दरवेळी मी लेकीला ‘सांभाळून राहा’ म्हणते. यंदा म्हटलं, ‘‘तुझ्या सोबतच्या मुलीला काही त्रास होत असला तर मला फोन कर. रात्रीचे दोन वाजले तरी.’’

‘‘आणि तिनं शपथ घातली असली तर?’’

‘‘मोड. पाप लागलं तर माझ्या माथी.’’