आरती नको, जागा द्या!

राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला आणि महिला दिन ८ मार्चला. या आठवडाभरात सोलापुरात काय किंवा पुण्यात काय, व्यासपीठांवरून एकच भाषण थोड्याफार फरकाने ऐकावयास मिळते. गार्गी-मैत्रेयींपासून आरंभ, लीलावतीपाशी क्षणभर विसावा, मग मादाम क्युरी, आणि शेवटी ‘घर सांभाळून विज्ञानाची सेवा करणाऱ्या’ भगिनींचे कौतुक. शाल, श्रीफळ, टाळ्या. यात वाईट काय, असे कोणी विचारील. वाईट हे की, ज्यांची नावे घेतली पाहिजेत त्यांची नावे या भाषणात नसतात. आणि जो प्रश्न विचारला पाहिजे तो टाळ्यांत बुडून जातो.

लीलावतीचेच घ्या. चाळीसगावनजीकच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. ही नोंद अस्सल, दगडात कोरलेली. परंतु लीलावती ही आचार्यांची कन्या, घटिकापात्रात मोती अडकून तिचा विवाहमुहूर्त टळला आणि पित्याने सांत्वनार्थ ग्रंथाला तिचे नाव दिले, ही आपली लाडकी कथा आपल्याला मिळते ती अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फार्सी भाषांतरातून. बरे, त्या कथेतही ती कन्या स्वतः एकही गणित सोडवीत नाही! विद्या पित्याची, तिच्या वाट्याला येते ते केवळ नाव. आमचा गौरव बहुधा याच जातीचा असतो.

विज्ञान दिन आपण साजरा करतो तो चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ च्या शोधाच्या स्मरणार्थ. रामन थोरच, त्याविषयी वाद नाही. तथापि १९३३ साली मुंबई विद्यापीठातून अव्वल गुणांनी बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत यांचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवेशाचा अर्ज याच रामन यांनी, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणाने फेटाळला. कमलाबाई हटल्या नाहीत. सत्याग्रहाला बसल्या, तेव्हा कोठे अटी घालून एका वर्षापुरता प्रवेश मिळाला. पुढे कमला सोहोनी या नावाने विख्यात झालेल्या या विदुषीने १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. त्यांचा विषय जीवरसायनशास्त्र. दाराशी अडविणारा द्वारपाल मात्र भौतिकीचा होता.

त्याच रामन यांच्या प्रयोगशाळेत १९४० मध्ये अॅना मणी आल्या. हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले आणि १९४५ मध्ये प्रबंध सादर केला. एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. पदवीवाचून त्यांचे अडले नाही. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. पाऊस, वारा, ऊन मोजण्याची जी उपकरणे तोवर परदेशातून येत, त्यांपैकी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून ती या देशात घडविण्याची व्यवस्था लावली. स्वदेशीवर व्याख्याने पुष्कळांनी दिली. स्वदेशी ऊनमापक घडविणारी ही बाई किती स्वदेशीवाद्यांना ठाऊक आहे? भारतातील सौरप्रारणाची त्यांनी सिद्ध केलेली आकडेवारी १९८० आणि १९८१ मध्ये ग्रंथरूपाने आली. मे महिन्यात सोलापूरच्या गच्चीवर सौरपट्ट्या बसविणाऱ्याने तरी हे नाव स्मरावे.

आणि बिभा चौधुरी! १९१३ चा कोलकात्यातील जन्म, १९३६ ची एम.एस्सी.; वर्गात त्या एकट्याच विद्यार्थिनी. देवेंद्रमोहन बोस यांच्यासह त्यांनी हिमालयाच्या उंचीवर फोटोग्राफिक पट्ट्या ठेवल्या आणि विश्वकिरणांनी त्यांत उमटविलेल्या रेषा मोजल्या. इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशेपट वस्तुमानाच्या कणाची खूण त्यांना सापडली आणि ‘नेचर’मध्ये त्यांचे निबंधही आले. निर्णायक पुराव्यासाठी अधिक संवेदनशील पट्ट्या हव्या होत्या. महायुद्ध सुरू होते, पट्ट्या मिळाल्या नाहीत. पुढे सेसिल पॉवेल यांनी याच पद्धतीने, सुधारित पट्ट्यांवर, १९४७ मध्ये पायॉन शोधला आणि १९५० चे नोबेल त्यांना मिळाले. बिभाताई १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तेथील त्या पहिल्या महिला संशोधक. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीतील प्रयोगांतही त्या होत्या. १९९१ मध्ये त्या निवर्तल्या तोवर देशातील तिन्ही विज्ञान अकादमींपैकी एकीनेही त्यांना आपले सदस्य करून घेतले नव्हते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव दिले. आकाशात जागा मिळाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत अद्याप शोधावी लागते.

येथे काही मंडळींना लगेच स्फुरण चढते. हा सारा हिंदू परंपरेचा दोष, पाश्चात्त्यांकडे पाहा, असे ते सांगू लागतील. अवश्य पाहू. कलकत्ता विद्यापीठाने १८८३ मध्ये कादंबिनी आणि चंद्रमुखी या दोन बंगाली कन्यांना बी.ए. केले, केंब्रिजला स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ साल उजाडले. सिसिलिया पेन यांना केंब्रिजमध्ये शिकूनही पदवी मिळाली नाही; त्या अमेरिकेस गेल्या आणि आपल्या मेघनाद साहांचे समीकरण हाताशी धरून १९२५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे आहेत. प्रिन्स्टनच्या हेन्री रसेल यांना ते पटले नाही. त्यांच्या दडपणाखाली पेन यांना आपला निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे स्वतःच्याच प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल त्याच निष्कर्षाप्रत आले. १९०१ पासून आजवर भौतिकीचे नोबेल मिळालेल्या स्त्रिया पाच! तेव्हा हा रोग कोणा एका धर्माचा वा खंडाचा नव्हे. पण म्हणून आपल्या घरातला रोगी बरा होत नाही, हेही तितकेच खरे.

आता त्या ‘घर सांभाळून’ या शब्दप्रयोगाकडे वळू. पुण्याच्या रोहिणी गोडबोले हुजूरपागेत शिकल्या, तेव्हा तेथे सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र असे. त्या मूलकणांच्या अभ्यासक झाल्या. फोटॉनच्या अंतरंगाविषयी मानुएल ड्रीस यांच्यासह त्यांनी केलेले काम भावी त्वरकांची आखणी करणाऱ्यांना विचारात घ्यावे लागले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. सुमारे शंभर भारतीय वैज्ञानिक स्त्रियांच्या कथांचा जो ग्रंथ २००८ मध्ये निघाला, त्याच्या त्या एक संपादक. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. डॉक्टरेट मिळवूनही स्त्रिया संशोधनाबाहेर का जातात, याची पाहणी त्यांनी सहकाऱ्यांसह करून २०१० मध्ये प्रसिद्ध केली. आपण सारे गृहीत धरतो, लग्न झाले, मूल झाले, तिनेच सोडले. बाहेर पडलेल्या स्त्रियांनी मात्र कारण सांगितले ते मुख्यतः दुसरेच. हवी तशी नोकरी मिळाली नाही! घराचे निमित्त पुढे करणारे आपण. त्या जागाच मागत होत्या.

आता सोलापूरकडे येऊ. निकालाच्या दिवसांत सात रस्ता चौकात उभे राहून शिकवणीवर्गांचे फलक वाचावेत. हसऱ्या मुलींची छायाचित्रे, खाली टक्केवारी. यांतल्या काहींच्या आया विड्या वळून शिकविणाऱ्या असतात, हे या शहराचे वैभव आहे. बुद्धीचा दुष्काळ येथे नाही. त्या फलकांवरून पाच-सात वर्षांनी भौतिकीची एम.एस्सी. होऊन, नेट-सेट होऊन बाहेर पडणारी मुलगी कोठे जाते? महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या हजारो जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवल्या जातात आणि अध्यापन चालते तासिका तत्त्वावर. सुटीत वेतन नाही, संशोधनास अवकाश नाही, पुढील वर्षी बोलावणे येईल याचा भरवसा नाही. ही झळ मुलांनाही लागते. पण मुलाला आई-वडील आणखी दोन वर्षे थांबू देतात. मुलीच्या बाबतीत स्थळे येऊ लागतात.

आपल्याला कुटुंबव्यवस्थेचा अभिमान आहे आणि तो असावा. मग त्या व्यवस्थेने आपला वाटा उचलावा. पुण्याला वा बंगळूरला पीएच.डी.साठी प्रवेश मिळालेल्या मुलीला पाच वर्षे देणे, सुनेच्या निरीक्षणाच्या रात्री नातवंडाजवळ आजीने निजणे, यासाठी कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहावयाची? नारायणगावाजवळच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी उभ्या आहेत. २०२१ मध्ये तेथेच बर्नाली दास या विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शक पूनम चंद्रा यांच्यासह, दीपस्तंभाप्रमाणे रेडिओ-स्पंद सोडणारे अतिशय दुर्मिळ असे आठ तारे शोधले. दुर्बीण महाराष्ट्राच्या मातीत आहे. तेथे बसणाऱ्यांत सोलापूरच्या, बार्शीच्या, अक्कलकोटच्या मुली किती, याचा हिशेब आपणच मागितला पाहिजे.

आमच्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव २०१९ मध्ये मिळाले आणि आम्हा सर्वांना त्याचा आनंद झाला. त्या नावाला शोभेल अशी मागणी आता शासनाकडे सर्वांनी मिळून करावी. रिक्त जागा पूर्णवेळ भराव्यात, आणि बाळंतपणामुळे वा संसारामुळे संशोधनात खंड पडलेल्या स्त्रीचा अर्ज त्या खंडाकडे बोट दाखवून बाजूस सारू नये. आणि येत्या २८ फेब्रुवारीस कोणा तरुण प्राध्यापिकेला सत्कारासाठी बोलाविताना, तिला तासाचे किती रुपये मिळतात आणि शेवटचे देयक कधी मिळाले, एवढे आयोजकांनी निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी विचारून घ्यावे.