सा सरकला की काय करायचं?

रविवार संध्याकाळ. डोक्यावर सोमवारची डेडलाइन आणि मी कीबोर्डवर 'बॉडी अँड सोल' बडवतेय! जॉनी ग्रीनची ही १९३०ची बॅलड. जॅझ शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतेच. पहिले सोळा बार मी मस्त निभावते. पुढचा आठ बारचा ब्रिज आला, की सगळा बट्ट्याबोळ.

माझी थिअरी सोप्पी होती. डाव्या हाताने कॉर्ड्स वाजवायचे आणि उजव्याने एक स्केल पकडून बिनधास्त फिरायचं. इम्प्रोव्हायझेशन म्हणजे फ्रीडम ना, बॉस?

तेवढ्यात बाबा बाहेर आले. मी नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्यापासून आमचा संवाद 'जेवलीस का?'पुरताच उरलाय. आयुष्यभर भजनाला पेटी वाजवलेला माणूस, जॅझशी संबंध शून्य. म्हणाले, "अगं, डाव्या हाताचा सा सरकला. काळी एकचा पांढरी दोन झाला. तू अजून जुन्याच सा वर बसलीयेस."

चार्ट बघितला. बरोब्बर! मूळ गाणं डी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे काळी एक. ब्रिजमध्ये ते अर्धा सूर वर, डी मेजरला जातं. दोन्ही स्केल्समध्ये सातातले फक्त दोन सूर कॉमन! मग मी बेसूर होणारच. चार बारनंतर गाणं सी मेजरकडे वळतं, म्हणजे पांढरी एक. शेवटी सी सेव्हन, बी सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन अशा तीन पायऱ्या उतरून परत घरी. आपल्या रागात सा हलत नाही. इथे तोच हलतो.

मग बाबांना कोलमन हॉकिन्सचं ११ ऑक्टोबर १९३९चं रेकॉर्डिंग ऐकवलं. तीन मिनिटांचा सॅक्सोफोन. मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दाखवतो, पुढे सगळी स्वतःची. पण प्रत्येक कॉर्डचे सूर सुटे करून वाजवतो, एकही वळण चुकवत नाही.

"मोकळा वाटतो, पण ठिकाण माहितीये त्याला," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले का? विचारलं नाही.

त्यांनी पेटी काढली. ब्रिज आला की ते नुसता सा धरणार, आधी पांढरी दोन, मग पांढरी एक. मी त्यावर फक्त तीन-तीन सूर वाजवायचे. पाचव्या खेपेला जमलं!

"उद्या डेडलाइन आहे ना?" बाबांनी विचारलं. मी मान हलवली.

"मग एकदाच अजून."