कुर्तुब्याच्या कमानी पाहिल्या, हुमियाच्या मैदानाचं काय?

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. आमच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेला, आता जर्मनीत एमएस करतोय. "सर, सुट्टी आहे. पाठीवर बॅग टाकतो आणि बारा दिवस स्पेन फिरून येतो. बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, मग कुर्तुबा, गरनाता. कमीत कमी खर्चात." त्यानंतर तासाभरात त्याच्या अम्मीचा फोन. "सर, तुमचं ऐकतो तो. तिकडे मुसलमानांना शोधून मारतायत म्हणे, तुम्हीच समजावा."

दोघंही खरं बोलत होते. एकाच देशाबद्दल आपल्या घरांत अशा दोन गोष्टी चालतात आणि त्यांची एकमेकींशी गाठ सहसा पडत नाही. एकीकडे यूट्यूबवर अंदलुसच्या वैभवाचे व्हिडिओ, दुसरीकडे व्हॉट्सअॅपवर दंगलीच्या क्लिपा. पोरगा गेला, अम्मीला आम्ही रोज खुशाली कळवत राहिलो, आणि त्याच्या फोनवरून आम्हालाही बरंच शिकायला मिळालं. ते इथं मांडतो.

सुरुवात पैशापासून. युरो शंभर रुपयांच्या वर गेलेला. आठ-दहा जणांच्या खोलीतली हॉस्टेलची खाट पंचवीस-तीस युरोला. रेल्वेत आता स्वस्तातल्या खाजगी गाड्याही धावतात, तिकीट आधी काढलं तर बसच्या भाड्यात वेगवान गाडी मिळते. खाण्याचे मात्र हाल. जिकडे तिकडे डुकराच्या तंगड्या टांगलेल्या, भाजीतसुद्धा तुकडे सापडतात. पावाबरोबर ऑलिव्ह आणि बटाटा घातलेलं जाड आम्लेट, यावर त्याने दिवस काढले. बार्सिलोनात राव्हाल नावाच्या मोहल्ल्यात गेला तेव्हा पोटभर जेवला, कारण तिथं पाकिस्तानी पंजाब्यांची दुकानं आहेत आणि न्हाव्याच्या दुकानात उर्दूत गप्पा चालतात. "सर, आपल्या नाक्यावर बसल्यासारखं वाटलं," म्हणाला.

त्याच राव्हालमध्ये त्याला पहिली गोम कळली. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आतबाहेर, आणि २०२४ या एका वर्षात तिथं जवळपास ९.४ कोटी परदेशी पाहुणे आले. माणसं राहतात त्या इमारतींतले फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जातात. मालकाला महिन्याचं भाडं चार-पाच दिवसांत सुटत असेल तर तो कुटुंबाला घर कशाला देईल? बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोलबोनी यांनीच सांगितलं, की दहा वर्षांत शहरातली भाडी ६८ टक्के वाढली. जून २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की पर्यटकांना फ्लॅट देण्याचे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू राहणार नाहीत. त्याच जुलैत मोर्चा निघाला आणि हॉटेलांच्या बाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर लोकांनी पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. आपल्याकडच्या वाहिन्यांनी ती गंमत म्हणून दाखवली. गंमत नव्हती ती. गाउदीने बांधलेल्या पार्क ग्वेलजवळून जाणारी ११६ नंबरची छोटी बस पर्यटकांनी एवढी भरून जायची, की बाजारातून पिशव्या घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांना चढता येईना. शेवटी नगरपालिकेच्या विनंतीवरून ती बस गुगल मॅप्सवरून काढली, तेव्हा कुठं लोकांना बसायला जागा मिळाली.

आमच्या विद्यार्थ्याने फ्लॅट न घेता हॉस्टेल घेतलं, त्याचं आम्हाला बरं वाटलं. शंभरांतला एक पाहुणा असा वागला तर फार फरक पडतो असं नाही. पण आपण ज्या घरात उतरतो तिथं आधी कोण राहत होतं, एवढा विचार तरी होतो. राव्हालमधल्या ज्या दुकानदाराकडे तो जेवला, त्यालाही भाडंवाढीची तीच भीती आहे. मोर्च्यात स्थानिक कॅटलान होते, पण भाड्याचा मार स्थलांतरितांनाही तेवढाच, किंबहुना जास्तच. आणि जुम्याची नमाज त्याने पढली ती तळमजल्यावरच्या एका गाळ्यात. एवढं मोठं शहर, पण मुद्दाम बांधलेली मोठी मस्जिद तिथं नाही. सगराडा फमिलिया मात्र तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर वर वर चढते आहे. १८८२ मध्ये पाया घातलेलं ते चर्च ऑक्टोबर २०२५ अखेर जगातलं सर्वात उंच चर्च झालं. पोराला ते फार आवडलं. आतले खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्या फोडतात आणि रंगीत काचांमधून सकाळी निळा, दुपारी लाल उजेड पडतो. आवडलं ते आवडलं म्हणावं, त्यात ईमानाला काही धोका नाही, असं आम्ही त्याला सांगितलं.

व्हॅलेन्सियात तो नेमका गुरुवारी होता. दर गुरुवारी दुपारी बाराला तिथल्या कॅथेड्रलच्या दाराशी काळे झगे घातलेले शेतकरी गोल बसतात. कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले हे पंच. पाण्याच्या पाळीचं भांडण तिथंच तोंडी ऐकतात आणि तिथंच निकाल देतात. या जल-पंचायतीची मुळं अंदलुसच्या काळात आहेत असं मानलं जातं. २००९ मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. कालव्याला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'असेकिया', म्हणजे अरबी 'अस्साकिया'. उर्दू येणाऱ्यांना साकी कुठून आला ते सांगायला नको. गवंड्याला 'अल्बान्यिल', म्हणजे 'अल्-बन्ना'. भाषेतून गवंडी काढता आला नाही आणि शेतातून कालवाही काढता आला नाही. माणसं मात्र काढली. १६०९ ते १६१४ या पाच वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्को, म्हणजे जबरदस्तीने बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांची लेकरं-नातवंडं, देशाबाहेर घालवली.

आता कुर्तुबा. आपल्या घरांत हे नाव अल्लामा इक्बाल यांच्यामुळे पोहोचलं. १९३३ मध्ये ते तिथं गेले, मस्जिदीत नमाज पढतानाचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे, आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज़्म उर्दू शिकणाऱ्याला चुकत नाही. पोराला आम्ही एकच सांगितलं होतं, सकाळी साडेआठला दारात उभा राहा. रविवार सोडून रोज पहिला तासभर प्रवेश फुकट असतो आणि मोठ्या टोळ्या आलेल्या नसतात.

त्याने आतून आवाज न करता व्हिडिओ काढून पाठवला. आठशे छप्पन्न खांब. पहिला अब्दुर्रहमान याने इ.स. ७८५ च्या सुमारास काम सुरू केलं तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब आणून बसवले. ते ठेंगणे निघाले. छत तर उंच हवं, नाहीतर एवढ्या मोठ्या दालनात जीव गुदमरेल. मग कारागिरांनी एका कमानीवर दुसरी कमान चढवली, लाल वीट आणि पांढरा दगड आलटून पालटून. रोमन लोकांचे पाणी वाहून नेणारे पूल त्यांनी पाहिलेले असणार. म्हणजे जगाला वेड लावणारी ही रचना निघाली ती खांब आखूड पडले म्हणून! मिहराबवरचं सोनेरी काचकाम दुसऱ्या अल्-हकमने करून घेतलं, त्यासाठी बिझंटियमच्या ख्रिस्ती बादशहाकडून कारागीर आणि सामान आलं.

१२३६ मध्ये शहर पडलं आणि मस्जिद चर्च झाली, पण इमारत जवळजवळ तशीच राहिली. १५२३ मध्ये बिशपने मधले खांब पाडून कॅथेड्रल उभारायला घेतलं, तेव्हा विरोध कुणी केला? मुसलमान तर उरलेच नव्हते. विरोध केला ख्रिश्चनांच्याच नगरमंडळाने. जो कामगार पाडकामाला हात लावेल त्याला मृत्युदंड, असा हुकूम काढला. बादशहा पाचव्या चार्ल्सने बिशपची बाजू घेतली म्हणून काम झालं. अंदलुसच्या आठवणीने रडणाऱ्या आपल्या भाषणांत या नगरमंडळाचा उल्लेख आम्ही तरी कधी ऐकलेला नाही.

भांडण आजही मिटलेलं नाही, आणि ते फक्त मुसलमान विरुद्ध ख्रिश्चन असं नाही. २००६ मध्ये तिथल्या बिशपच्या कार्यालयाने ही सगळी इमारत तीस युरो भरून आपल्या नावावर नोंदवली. एका कायद्याने चर्चला तशी मुभा होती. २०१५ मध्ये ती काढली. माहितीपत्रकांतून 'मस्जिद' हा शब्द गाळला गेला, २०१४ मध्ये गुगल मॅप्सवरही नुसतं 'कॅथेड्रल' दिसायला लागलं. त्यावर आवाज उठवला कुर्तुब्याच्या सामान्य नागरिकांनी, आणि नाव परत आलं. ८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री आत आग लागली (फरशी साफ करायच्या यंत्रामुळे, असं सांगितलं गेलं), तेव्हाही शहरातली माणसं रस्त्यावर येऊन बघत उभी होती. सुदैवाने अग्निशमन दलाने वेळेत आटोक्यात आणली. एका चॅपलचं छत कोसळलं, मुख्य दालन वाचलं.

नमाजेला मात्र तिथं मनाई आहे. मुस्लिम संघटनांनी एकत्र इबादतीची परवानगी मागितली, चर्चने नाकारली. २०१० मध्ये ऑस्ट्रियातून आलेल्या काही तरुणांनी आत नमाज सुरू केली, पहारेकऱ्यांशी झटापट झाली, दोघांना अटक झाली. आमच्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, एका कोपऱ्यात दोन रकात पढल्या तर?" आम्ही म्हणालो, नको. ज्यांना तिथंच राहायचंय त्यांना त्याचा त्रास होतो, तू संध्याकाळच्या बसने निघून जाशील.

इथं आम्हाला एक कडू गोष्ट बोलायची आहे. कुर्तुबा परत द्या, असं आपल्यातले काही जण अगदी सहज बोलतात. २०२० मध्ये इस्तंबूलच्या आया सोफियाची पुन्हा मस्जिद झाली तेव्हा आपल्याच किती जणांनी आनंदाचे स्टेटस ठेवले होते? आपल्या देशात आपण १९९१ च्या उपासनास्थळ कायद्याचा हवाला देतो, की १५ ऑगस्ट १९४७ ला जे जसं होतं ते तसंच राहू द्या, जुने हिशेब उकरू नका. हे तत्त्व आपल्याला इथं हवं असेल, आणि ते हवंच, तर कुर्तुब्याला गेल्यावर ते खिशात घालून ठेवता येणार नाही. तिथं एक नमाज पढू द्या अशी विनंती करणं वेगळं आणि मालकी सांगणं वेगळं.

मालकीच्या नादात जिवंत माणसं मात्र नजरेआड होतात. मर्सिया हा प्रांत पोराच्या यादीत नव्हता. पाठीवर बॅग टाकून फिरणाऱ्या फारशा कुणाच्या यादीत तो नसतोच. मर्सिया शहर दुसऱ्या अब्दुर्रहमानने इ.स. ८२५ मध्ये वसवलं. २०२५ मध्ये त्याला बाराशे वर्षं झाली, समारंभ झाले. त्याच वर्षी जुलैत त्याच प्रांतातल्या तोरे-पाचेको गावात एका वृद्धाला मारहाण झाल्यानंतर बाहेरून आलेल्या टोळ्या रात्री काठ्या घेऊन मोरोक्कन लोकांना शोधत फिरल्या. त्याच्या अम्मीने पाहिलेली क्लिप तीच. त्याच सुमारास हुमिया गावच्या नगरपालिकेने ठराव केला, की पालिकेची क्रीडा मैदानं पालिकेचे स्वतःचे कार्यक्रम आणि खेळ यांशिवाय कशालाही मिळणार नाहीत. ठरावात मुसलमान हा शब्द नव्हता. पण त्या मैदानावर ईदच्या नमाजा व्हायच्या, आणि ठरावाला हात वर करणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक होतं. अतिउजव्या व्हॉक्स पक्षाची मूळ मागणी तर त्याहून उघड होती.

ही माणसं कोण? युरोपच्या बाजारात हिवाळ्यात जी भाजी आणि फळं दिसतात, त्यातली बरीच याच प्रांतातून जातात, आणि तोडणी-काढणीला मोठ्या संख्येने मोरोक्कन मजूर असतात.  वर्षभर शेतात राबणं चालतं, ईदला दोन तास मैदान मात्र खुपतं. आपल्याकडे ज्यांनी ईदच्या नमाजेसाठी मैदानाचा अर्ज घेऊन टेबलाटेबलावर हेलपाटे घातलेत, त्यांना हे काही समजावून सांगावं लागणार नाही. आम्हीही घातलेत.

पण पूर्ण बातमी सांगायची तर हेही सांगायला हवं, की स्पेनच्या बिशपांच्या परिषदेने हुमियाच्या ठरावाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि राज्यघटनेतल्या धर्मस्वातंत्र्याच्या कलमाकडे बोट दाखवलं. कुर्तुब्यात नमाजेला नाही म्हणणारं चर्च तेच. केंद्र सरकारने पालिकेला ठराव मागे घ्यायला बजावलं. १९९२ चा एक कायदाही आहे, ज्यात सरकारने मुस्लिम प्रतिनिधींशी करार करून सण, हलाल अन्न आणि शाळेतलं धार्मिक शिक्षण यांना मान्यता दिली. तो कायदा आपल्याला अंदलुसच्या एकाही व्हिडिओत दिसणार नाही, पण हुमियातल्या मजुराला जुन्या कमानींपेक्षा तोच कामाचा आहे.

शेवटचा फोन गरनात्याहून आला. अल-बाइसीनच्या चढावर एक नवी मस्जिद आहे, २००३ मध्ये उघडलेली. जागा घेतल्यापासून मस्जिद उभी राहीपर्यंत वीसहून जास्त वर्षं गेली, कारण शेजाऱ्यांचा आणि राजकारण्यांचा विरोध. पाचशे वर्षांनंतर त्या शहरात बांधलेली ही पहिली मस्जिद. लहानशी, पांढरी, पुढे बाग. बागेतून समोरच्या टेकडीवर अलहम्ब्रा दिसतो, म्हणून तिथं फोटो काढायला सगळ्या धर्मांचे लोक येतात. ज़ोहरची जमात झाली तेव्हा शेजारी एक दाढीवाला स्पॅनिश म्हातारा आणि पलीकडे दोन मोरोक्कन पोरं होती. नमाजेनंतर म्हाताऱ्याने सलाम करून विचारलं कुठला, आणि पोराने हिंद म्हटल्यावर त्याला बागेतल्या कठड्यापाशी नेऊन कुठला मनोरा कोणता ते बोटाने दाखवलं.

"अजून बरंच सांगत होते सर," तो म्हणाला, "पण माझं अलहम्ब्राच्या महालाचं तिकीट चारचं होतं. अर्ध्या तासाची मुदत, चुकली की आत सोडत नाहीत. मधली दरी उतरून पुन्हा चढायची होती. पळतच निघालो."

अम्मीला आम्ही कळवलं, पोहोचला म्हणून.