फॉलोअर आले, पोस्टी राहिल्या

मॅस्टोडॉन या विकेंद्रित सोशल नेटवर्कवरच्या ज्या छोट्या सर्व्हरवर माझं बिऱ्हाड होतं, तो बंद होतोय. चालवणाऱ्या सद्गृहस्थांनी तीन महिने आधी, अगदी नम्रपणे कळवलं. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. या आठवड्यात मी नव्या सर्व्हरवर गेलो. फॉलोअर मुकाट्याने मागून आले, पोस्टी मात्र जुन्या जागीच राहिल्या. त्यांची फाइल उतरवून घेता येते, पण नव्या घरात ती मांडता येत नाही. ट्रंक हातात, ठेवायला खोली नाही.

अशा नेटवर्कवर स्वायत्तता मिळते, स्वायत्तता मिळते म्हणून मीच इथे तुमचं डोकं खाल्लं होतं. हसून घ्या.

हसून झालं की २० जानेवारी २०११ आठवा. मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली तो दिवस. ‘पोर्ट’ लिहायचं, पुढे आपला नंबर, आणि मेसेज १९०० वर पाठवायचा. आलेला कोड घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जायचं. टॉवर कुणाचा, यंत्रणा कुठली, हे कुणी विचारलं नाही आणि कुणाला माहीत असण्याची गरजही नव्हती. नंबर आपला, नातेवाइकांची यादी आपल्याच फोनमध्ये. बदलायची फक्त कंपनी. आणि ही सोय कंपन्यांच्या मनाच्या मोठेपणातून नव्हे, ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या नियमातून आली.

माझ्या आईने उभ्या आयुष्यात नंबर पोर्ट केला नाही. पण बिलावरून वाजलं की ती “मग मी पोर्ट करते” म्हणायची आणि पलीकडचा आवाज एकदम मऊ व्हायचा. जाण्याची सोय असली की राहणाऱ्यालाही मान मिळतो. स्वायत्तता ती हीच.

विकेंद्रित ॲपवाले नेमकं उलटं करत आले. आत शिरतानाच प्रश्नपत्रिका: सर्व्हर निवडा! २०२३ मध्ये मॅस्टोडॉनने ॲपमध्ये स्वतःचाच मोठा सर्व्हर आधी पुढे करायला सुरुवात केली, तेव्हा सोवळ्यातल्या मंडळींनी गळा काढला. मला मात्र मॅस्टोडॉनचं ते पाऊल पटलं होतं. येणाऱ्याला टॉवर विचारू नका. जाणाऱ्याचं सामान अडवू नका. ब्लूस्काय या अशाच दुसऱ्या नेटवर्कच्या आराखड्यात ओळख वेगळी, साठवण वेगळी. स्वतःचं डोमेन नाव म्हणून लावता येतं, पोस्टींसकट हलायची तरतूदही आहे. पण बहुतेक खाती अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत आणि १९०० इतकी सोपी वाट काही दिसत नाही.

आता माझं नेहमीचं दळण: फुकट. सर्व्हरला वीज लागते, भाडं लागतं, रात्री उठून बघणारा माणूस लागतो. गणपतीची वर्गणी निमूट देणारे आपण, सर्व्हरची वर्गणी म्हटली की इंटरनेटच्या मुक्तीवर प्रवचन देतो. याची आकडेवारी माझ्याकडे नाही. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे, तेवढा पुरावा मला पुरतो.

तर नवं ॲप घेतलंत की फोटो टाकण्याआधी सेटिंगमध्ये ‘खातं हलवा’ शोधा. सापडलं आणि पोस्टीही बरोबर येत असल्या तर मला कळवा. ट्रंक अजून उघडलेली नाही.