माघारी फिरण्याची अक्कल शिकवता येते

वरोऱ्यात बारावी सायन्सचा निकाल लागला की पूर्वी डॉक्टर आणि इंजिनीअर या दोनच वाटांची चर्चा व्हायची. आता त्यात पायलटची भर पडली आहे. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण बरीच वर्षे चालू आहे आणि चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीमुळे हे स्वप्न आणखी जवळ आल्यासारखे वाटते. त्याचा आनंदच आहे. पण या चर्चेत एक वाक्य हमखास कानावर पडते: "विमान चालवायला शिकवता येतं, ऐनवेळी काय करायचं ती अक्कल ज्याची त्याला असावी लागते." हा समज चुकीचा आहे आणि घातकही आहे, कारण तो मान्य केला की प्रशिक्षण संस्थेची मोठी जबाबदारी परस्पर मुलाच्या नशिबावर ढकलली जाते.

या समजाच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. सारासारविवेक उपजत असतो, हा पहिला. तो शिकवावा लागत नाही, उड्डाणाचे तास वाढले की आपोआप येतो, हा दुसरा. आणि विमानविद्येत प्रत्येक गोष्टीचा नियम ठरलेला असताना वेगळ्या विवेकाची गरजच काय, हा तिसरा.

या तिन्हींची कसोटी पाहायला विदर्भाच्या जिव्हारी लागलेली एक घटना पुरेशी आहे. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री भर पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान कोळिकोडची धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. २१ जण गेले. कॅप्टन होते नागपूरचे विंग कमांडर (निवृत्त) दीपक साठे. वायुसेनेच्या अकादमीत 'स्वोर्ड ऑफ ऑनर' मिळवलेला, लढाऊ विमाने उडवलेला हा माणूस. त्यांच्या गुणवत्तेबद्दल आणि सचोटीबद्दल शंका घेण्याचा कोणालाही अधिकार नाही, आणि म्हणूनच ही घटना नीट समजून घ्यायला हवी. उतरण्याचा पहिला प्रयत्न त्यांनी सोडून दिला होता. त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या प्रयत्नात वारा पाठीमागून होता, आणि सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीपैकी जवळजवळ निम्मी मागे पडल्यावर चाके टेकली. सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे म्हटले होते. दुसऱ्या विमानतळाकडे वळण्याइतके इंधनही होते. सरकारच्या विमान अपघात अन्वेषण ब्युरोने हे सारे अहवालात नोंदवले. त्यातच पुढे म्हटले, की त्या तळावर कॅप्टन अपुरे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण करता यावे म्हणून तिथेच उतरण्याची ओढ कॅप्टनच्या मनात होती.

आता तिन्ही युक्तिवाद इथे लावून पाहा. उपजत गुण कमी होते का? अनुभव थोडा होता का? नियम ठाऊक नव्हता का? तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच येते. दहा वर्षे आधी, २२ मे २०१० ला मंगळूरच्या विमान अपघातात १५८ माणसे गेली, तेव्हाही कॅप्टनच्या गाठीशी दहा हजारांहून अधिक तासांचे उड्डाण होते आणि तिथेही सहवैमानिकाने गो-अराउंडचा इशारा वारंवार दिला होता. नियम पुस्तकात होता, इशारा कानावर पडत होता आणि हात मात्र पुढेच ढकलत होते. कान आणि हात यांच्यामधली ही जागा निर्णयाची. ती तासांनी भरत नाही आणि घोकंपट्टीनेही भरत नाही.

अनुभवी माणूस शेजारी बसला की शिष्य आपोआप शहाणा होतो, हेही खरे नाही. २६ एप्रिल २०१७ ला बिरसीहून निघालेले प्रशिक्षण विमान वैनगंगेवरून आडव्या गेलेल्या तारेला धडकून नदीत पडले. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. ही तीच वैनगंगा, जी पुढे आपल्या ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीच्या काठाने वाहते.

मग हा विवेक शिकवता येतो याला पुरावा काय? पुरावा आहे आणि तो जुना आहे. १९७७ मध्ये जेन्सन आणि बेनेल या अमेरिकी संशोधकांनी १९७० ते १९७४ या काळातील छोट्या विमानांचे अपघात तपासले. वैमानिकाच्या चुकीने झालेल्या प्राणघातक अपघातांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांचे मूळ हात चुकण्यात नव्हते, निर्णय चुकण्यात होते. त्यानंतर एम्ब्री-रिडल विद्यापीठात निर्णयाचे खास प्रशिक्षण तयार झाले. ते घेतलेले विद्यार्थी उड्डाणातल्या प्रत्यक्ष परीक्षेत इतरांपेक्षा सरस ठरले. त्या प्रशिक्षणाने मनाच्या पाच घातक वृत्ती ओळखायला शिकवल्या: 'मला कोण सांगणार', 'काहीतरी कर, पण लगेच कर', 'मला काही होत नाही', 'मी करून दाखवतो', आणि 'आता माझ्या हातात काय उरलंय'. ज्याला स्वतःच्या मनातली ही वाक्ये वेळेवर ऐकू येतात, त्याला थांबता येते. ऐकू येण्याची ही सवय लावता येते.

आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि तांत्रिक ज्ञान यांचे पेपर द्यावे लागतात. निर्णयाचा वेगळा पेपर नाही, आणि माझी मागणी आणखी एका पेपरची नाहीच. पेपर आला की गाइड येईल, गाइड आले की पाठांतर येईल. शिकवायचे ते उड्डाणातच शिकवावे लागेल.

पहिली गोष्ट परत फिरण्याची. समजा, एक विद्यार्थिनी मोरव्याहून बिरसीला एकटीने निघाली आहे. सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. वाटेत सिंदेवाहीचे जंगल आणि जवळपास निम्म्यावर ब्रह्मपुरी. एप्रिलचा शेवट, खाली वणव्याचा धूर, दुपारनंतर ईशान्येला ढग चढण्याची शक्यता. आजची पद्धत अशी की नकाशा तपासला, इंधन मोजले, सही केली, जा. पण प्रशिक्षकाने निघण्यापूर्वी विचारले पाहिजे, "ब्रह्मपुरीला पोचल्यावर काय दिसलं तर तू परत फिरशील?" तिने उत्तर कागदावर लिहावे: ढग इतक्या उंचीच्या खाली आले तर, पुढचे गाव दिसेनासे झाले तर, इतके वाजून गेले तर. निर्णय जमिनीवर, थंड डोक्याने घेतलेला असला की आकाशात फक्त तो पाळायचा उरतो. आणि परत आल्यावर पहिला प्रश्न 'का फिरलीस' हा असू नये. "कुठे ठरवलंस, आणि त्याआधी काय दिसलं होतं?" असे विचारावे. हे एकदा करून भागणार नाही; प्रत्येक उड्डाणाला करायला हवे.

दुसरी गोष्ट सहवैमानिकाची. 'सर, गो-अराउंड' म्हणणे हा अर्धा धडा झाला. सर ऐकत नसतील तर नियंत्रण हातात घेणे हा उरलेला अर्धा, आणि कोळिकोडच्या अहवालाने नेमके तेच घडले नाही म्हणून नोंदवले. मोठ्यांपुढे बोलू नये अशा संस्कारात वाढलेल्या आपल्या मुलांना हे एका भाषणाने जमणार नाही. सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षकाने मुद्दाम चुकावे आणि विद्यार्थ्याने त्याच्या हातून विमान काढून घ्यावे, असा सराव पुन्हा पुन्हा झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट आपली, घरच्यांची. शेत गहाण ठेवून किंवा कर्ज काढून मुलाला पाठवले की उड्डाणाचा प्रत्येक तास रुपयांत मोजला जातो. 'आज अर्ध्यातून परत आलो' हे फोनवर ऐकून आपण उसासा टाकला, तर तो उसासा पुढच्या वेळी त्याच्याबरोबर कॉकपिटमध्ये बसतो. २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले दहा आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले आणि पाच जणांनी शिखर गाठले. त्या पाचांचे कौतुक व्हायलाच हवे होते. पण शिखराआधी परतून सुखरूप घरी आलेल्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? जो समाज फक्त पोचणाऱ्यांना हार घालतो, तो आपल्या मुलांना थांबायला शिकवू शकत नाही.

म्हणून मुलाला प्रशिक्षणाला पाठवणाऱ्या प्रत्येक पालकाने संस्थेला फी आणि विमानांची संख्या यांच्याआधी एक प्रश्न विचारावा: तुमच्याकडे योग्य कारणाने परत फिरलेल्या विद्यार्थ्याचे काय होते? त्याची नोंद होते, त्यावर चर्चा होते, त्याला शाबासकी मिळते, असे उत्तर आले तर ती संस्था वैमानिक घडवते. 'तास वाया जातो' असे उत्तर आले, तर तिथे फक्त विमान हाकायला शिकवतात, आणि आपल्या लेकरांचा जीव तेवढ्या शिक्षणाच्या भरवशावर सोडण्याइतका स्वस्त नाही.